चार फुटी फिश टँकला खाली सम्प जोडायचाय, पाइप-फिटिंग कोणतं घेऊ?

टाकी चार फूट बाय दीड बाय दीड, सम्प (पाणी उतरून गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं ती दुसरी टाकी) खालच्या कपाटात, आणि प्लंबर म्हणतोय की नळाला असतो तोच सीपीव्हीसी वापरू, असं तुम्ही लिहिलंय. सीपीव्हीसीने माशांना काही होणार नाही, पण तो गरम पाण्यासाठी असतो, इथे उगाच खर्च. साधा यूपीव्हीसी घ्या, वर लेड-फ्री छापलेला. पितळेचं काही लावू नका. तांबं पाण्यात उतरलं की श्रिंप आणि गोगलगायी आधी जातात.

खरी फसगत मापात होते. शेतीच्या '२५ एमएम' पाइपचा बाहेरचा व्यास २५ मिमी, पाऊण इंची यूपीव्हीसीचा २६.७ आणि पाऊण इंची सीपीव्हीसीचा २२.२. काउंटरवर मात्र तिन्ही 'पाऊण इंच' म्हणूनच मिळतात. सोल्व्हंट सिमेंटने (पाइप जोडायचा डिंक) फट बुजत नाही, तेव्हा पाइपचा तुकडा खिशात घेऊन जा आणि प्रत्येक एल्बो तिथेच घालून बघा.

पाणी खाली उतरणारा पाइप एक इंची ठेवा, पंपाचा पाऊण इंची चालेल. टाकी साधारण २५० लिटरची, म्हणजे तासाला हजार लिटर फिरलं तरी पुष्कळ. पण पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, चार फूट वर चढवताना तो बराच घसरतो. जमलं तर उतरणारे पाइप दोन करा. दुसरा इंचभर उंच, त्यावर व्हॉल्व्ह नाही, काही नाही. पहिल्यात पान अडकलं तर तोच घर वाचवतो.

उतरणाऱ्या पाइपसाठी काचेला भोक पाडण्याआधी त्यात बसणारा टँक कनेक्टर (दुकानात टँक निपल म्हणा) विकत आणा आणि त्याच्या आट्यांचा व्यास मोजा. उलट क्रमाने करणारे खूप भेटलेत मला. काच टफन्ड असेल तर विसरा, बिट लागताच भुगा होईल. साध्या काचेला डायमंड बिट, सतत पाणी आणि हाताचा जोर शून्य. काचेच्या कडेपासून भोकाच्या व्यासाइतकं तरी अंतर सोडा. रबर वॉशर पाण्याच्या बाजूला, कॉलरखाली. नट हाताने घट्ट झाला की फार तर पाव फेरा. पान्याने आवळलात तर काच तडकते. तिथे टेफ्लॉन नको, सिलिकॉनही नको. ते एमटीए-एफटीएच्या (बाहेरून आणि आतून आटे असलेले जोड) आट्यांचं काम.

पंपाजवळ युनियन (हाताने उघडता येणारा जोड) लावाच, नाहीतर पंप साफ करायला पाइप कापावा लागेल. (मी दोनदा कापलाय.)

आता लाइट गेल्यावर काय होतं ते बघा, कारण आपल्याकडे ते होणारच. पंप थांबला की वरचं पाणी पंपाच्याच पाइपमधून उलटं खाली येतं. तुमच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ साडेपाच लिटर. माझ्या पाइपचं तोंड पाण्याखाली बारा सेंटिमीटर होतं. हवा शिरून सायफन (हा उलटा ओघ) तुटावा म्हणून पाइपला वर बारीक भोक पाडलं होतं, त्यात नेमकी एक गोगलगाय जाऊन बसली. रात्री लाइट गेली, पासष्टेक लिटर पाणी खाली आलं आणि सम्पमध्ये जागा होती वीसची. सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) होता, पण त्याच्या झडपेत कचरा अडकलेला. आता तोंड दोनच सेंटिमीटर खाली आहे आणि भोकं दोन.

सिमेंट लावल्यावर २४ तास थांबा. मग मासे न सोडता पंप चालवा, चारपाच वेळा स्विच बंद करून सम्पची पातळी कुठवर चढते त्यावर मार्करने रेघ मारा. प्रत्येक जोडाखाली कोरडा पेपर अंथरून रात्रभर ठेवा. बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही, पेपरवरचा डाग दिसतो.