वाचकांचे प्रश्न : मुख्याध्यापकाने वर्गात जायचे तरी केव्हा?

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळेत मी गेल्या जूनपासून प्रभारी मुख्याध्यापक आहे. पट 128, शिक्षक पाच, आणि चौथीचा वर्गही माझ्याकडेच आहे. यू-डायस (शाळांची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन प्रणाली), मुलांची आधार पडताळणी, पोषण आहाराची रोजची नोंद आणि व्हॉट्सॲप गटावर दिवसभर येणारे ‘तात्काळ माहिती सादर करावी’ हे निरोप, यांत माझाच वर्ग बुडतो. इतरांच्या वर्गांत डोकावणे तर दूरच. प्रशिक्षणात सांगितलेले शैक्षणिक नेतृत्व करायचे केव्हा?
– एक मुख्याध्यापक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आपली ओढाताण कार्यक्षमतेच्या अभावातून आलेली नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीचा पट 150 च्या वर किंवा सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर असेल, तेव्हाच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. आपल्यासारख्या शाळेत मुख्याध्यापकाने शिकवावे, हे कायद्याने गृहीतच धरलेले आहे. अडचण अशी की पट कमी असला म्हणून माहितीचे रकाने कमी होत नाहीत. चाळीस मुलांच्या शाळेलाही यू-डायसचे तेच अर्ज भरावे लागतात.

म्हणून प्रथम कामांची प्रतवारी करावी. आधार पडताळणी टाळता येणार नाही, कारण संचमान्यता (पटानुसार शिक्षकांच्या पदांना मिळणारी मंजुरी) तिच्यावर अवलंबून असते आणि पट घसरलेला दिसला तर शिक्षकाचे पद जाते. मात्र ते काम जुलै-ऑगस्टमध्येच वर्गशिक्षकांत वाटून द्यावे; सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकट्याने संगणकापुढे रात्री जागवू नयेत. पोषण आहाराची उपस्थिती परिपाठाच्या वेळीच मोजून घ्यावी आणि जेवण चाखून शेरा लिहायच्या चव नोंदवहीची जबाबदारी आळीपाळीने सर्वांकडे द्यावी. ‘तात्काळ’ मागवलेली माहिती बहुधा तीच ती असते : इयत्तावार, मुले-मुली, प्रवर्गवार पट. हा तक्ता दर महिन्याच्या एक तारखेला अद्ययावत करून हाताशी ठेवावा आणि भ्रमणध्वनी मधल्या सुट्टीत व शाळा सुटल्यावर, असा दोनदाच पाहावा. ज्यांना खरोखरच घाई असेल, ते फोन करतात, असा माझा अनुभव आहे.

शाळेबाहेरच्या कामांबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण तेथे आपले मुख्याध्यापक विनाकारण नमते घेतात. कायद्याच्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे वगळता शिक्षकांना अन्य अशैक्षणिक कामांवर नेमता येत नाही. निवडणुकीच्या कामांतही मतदारयाद्यांच्या पुनरीक्षणासाठी शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशीच बोलवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या एका निकालात म्हटले आहे. बीएलओचे (मतदारयाद्या पाहणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे) काम शाळेच्या वेळेत करण्याचा तोंडी आदेश आला, तर नकार देऊ नये आणि निमूट मानही डोलवू नये. कोणत्या वर्गाच्या किती तासिका बुडतील, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. त्या पत्रास शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडावा. एकट्या मुख्याध्यापकाचे पत्र कुरकुर म्हणून बाजूला पडते, पालकांच्या सह्यांचा ठराव सहसा पडत नाही. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात, हे कायद्यात आहे; परंतु पुष्कळ शाळांत या समितीचे अस्तित्व सह्यांपुरतेच उरले आहे. कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा तिनेच करायचा आहे आणि अनुदानाचा आधार तो आराखडा असायला हवा. मागच्या वर्षीच्या आराखड्यात तारीख बदलून तोच पाठवण्याची प्रथा (ती कोणाला ठाऊक नाही?) आपण या वर्षी मोडून पाहावी.

एवढे केल्यावर जो वेळ हाती येईल, तो फार नसेल. इतरांच्या वर्गांत बसायला आठवड्यातून दोन तासिका मिळाल्या तरी पुरे. त्या वेळी आपल्या चौथीला कोणी सांभाळायचे, हे वेळापत्रकातच लिहून ठेवावे, नाहीतर पहिल्याच आठवड्यात त्या तासिका माहितीच्या रकान्यांत जातील.

प्रश्न : माझ्या शाळेतील एक शिक्षिका सेवेत माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी ज्येष्ठ आहेत. मी वर्गात गेले की त्या पुस्तक मिटून उभ्या राहतात. पाठनिरीक्षण कसे करावे?
– एक मुख्याध्यापिका, सांगली जिल्हा

उत्तर : लॉगबुक, म्हणजे पाठाचे शेरे लिहायची वही, कार्यालयातच ठेवून जावे. त्याहीआधी बाईंना आपल्या वर्गात बोलवावे आणि एकच गोष्ट टिपायला सांगावी : शेवटच्या रांगेतील कोणती मुले तासभरात एकदाही बोलली नाहीत. त्यांची टिपणे ऐकून पुढच्या पाठात आपण काय बदलले, हे त्यांना दिसले पाहिजे. आपल्याकडे निरीक्षण म्हणजे दोष शोधणे, असा समज तपासण्यांनी रुजवला आहे आणि तो आपल्या एका भेटीने जाणार नाही. पंधरा दिवसांनी त्यांच्या वर्गात जाताना तीच नोंद आपण कराल, हे आधी सांगावे, त्यांच्या सोयीची तासिका विचारावी आणि मागे मुलांशेजारी बसावे. नोंदीचा कागद त्यांच्याच हाती द्यावा, फाईलला लावू नये.