आभार मानायचे, पण कोणाचे?

(पत्राचा सारांश: कोपरखैरणे, वय ४८. महाप्यातल्या कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझर होतो. पाच महिन्यांपूर्वी युनिट बंद झालं. घर बायकोच्या शिवणकामावर चाललंय. सकाळी उठून करायचं काय, कळत नाही. मेहुण्यानं कृतज्ञतेची डायरी दिली. रोज दहा गोष्टी लिहितो आणि उलट अपराधी वाटतं. माझंच काही चुकतंय का?)

डायरी बंद करा. रोज दहा गोष्टी शोधायच्या म्हटल्या की चार दिवसांत ‘घर आहे, हातपाय धड आहेत’ एवढंच उरतं. ते वाचून मनात येतं, एवढं असून मी कुढतोय! त्यात बायकोच्या कमाईची नोंद म्हणजे कृतज्ञता राहत नाही, उधारीची वही होते.

त्याऐवजी आभाराची पत्रं लिहा. आठवड्याला एक, तीन आठवडे. अमेरिकेत समुपदेशनासाठी आलेल्या सुमारे ३०० जणांच्या, बहुतेक विद्यार्थ्यांच्या, अभ्यासात हेच करून पाहिलं होतं. पत्रं लिहिणाऱ्यांची मनःस्थिती लिहिणं संपल्यावर बारा आठवड्यांनीही इतरांपेक्षा बरी होती. प्रत्यक्षात पत्रं पाठवणारे पाव हिश्श्याहूनही कमी होते. मात्र लिहिणं संपल्यावर पहिल्या आठवड्यात फरक दिसला नव्हता, तेव्हा लगेच निकाल लावू नका.

वीस मिनिटं पुरेत. नेमका एक माणूस निवडा आणि लिहा: त्यानं काय केलं, त्यासाठी त्याला काय सोसावं लागलं, तुमचं त्यामुळे काय बदललं. ‘साहेब, तुम्ही खूप मदत केलीत’ यात काहीच नाही. समजा, नवीन असताना तुमच्याकडून कपलिंगचं अलाइनमेंट चुकलं, बेअरिंग गेलं. सीनियरनं मॅनेजरपुढे तुमचं नाव घेतलं नाही आणि रात्रपाळी संपल्यावर थांबून डायल गेज लावायला शिकवलं. असं लिहा. पाठवायला संकोच वाटेल, पण घेणाऱ्याला आपल्याला वाटतं तेवढं अवघडल्यासारखं होत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. शेवटी ‘काही ओपनिंग असेल तर कळवा’ लिहू नका. त्या एका ओळीनं वरचं सगळं प्रस्तावना ठरतं. नोकरीसाठी पंधरा दिवसांनी वेगळा फोन करा, त्यात लाज कसली?

बायकोला पत्र नकोच, तोंडी सांगा: ‘काल अकरापर्यंत बसून काजं केलीस, म्हणून आज ऑर्डर गेली.’ बस. पाठोपाठ ‘माझ्यामुळे तुला हे भोगावं लागतंय’ आलं की दमलेल्या बाईला तुमचीच समजूत काढत बसावं लागतं.

तिसरं पत्र झालं की तिन्हींमधली क्रियापदं अधोरेखित करा. शिकवलं, झाकून घेतलं, ओळख करून दिली, जे असेल ते. त्यातलं कोणतं तुम्ही या आठवड्यात कोणासाठी करू शकता? युनिट बंद झालं तेव्हा तुमच्या हाताखालची पोरंही बाहेर पडली असतील. त्यांच्यातल्या एकाला मंगळवारी अकरा वाजता मुलाखतीच्या तयारीला बोलवा. वार आणि वेळ ठरलेलीच हवी. ‘कधीतरी ये’ म्हटलं की कोणी येत नाही आणि तुमची सकाळ पुन्हा रिकामी.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक उडालेली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर पत्रांवर विसंबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.