ग्रीन टॅक्सॉनॉमीचं प्रशिक्षण कोकणातल्या बँक कर्मचाऱ्याने घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा: रत्नागिरी जिल्ह्यातल्या सहकारी बँकेत आठ वर्षं कर्ज विभागात आहात, ‘ग्रीन फायनान्स’ आणि ‘टॅक्सॉनॉमी’च्या ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती सारख्या दिसतात. पदरचे पैसे घालून कोर्स करावा का, आणि आंबा-काजू-मासळीच्या कर्जांत त्याचा काय उपयोग?

करा. पण फी भरण्याआधी हे वाचा.

मी राजापूर तालुक्यातली. एका बँकेत अकरा वर्षं कर्जप्रस्ताव तपासले, मग हे प्रशिक्षण घेतलं, आणि आता प्रस्ताव ‘हिरवे’ आहेत का हे तपासून देण्याचंच काम करते.

टॅक्सॉनॉमी म्हणजे कुठलं काम पर्यावरणाच्या दृष्टीने ‘हिरवं’ धरायचं याची वर्गवारी. ती कंपनीची नसते, कामाची असते, आणि हे अंगवळणी पडायला मला महिनाभर लागला. समजा एका काजू कारखानदाराने ४० लाख मागितले. त्यातले १२ लाख छपरावरच्या सोलरसाठी, बाकीचे यंत्रसामग्री आणि कच्च्या बीच्या खरेदीसाठी. मग हिरव्या खात्यात जाऊ शकतात ते १२ लाख. मालक कितीही पर्यावरणप्रेमी असला तरी ४० नाहीत, आणि त्याच्या भट्टीतून धूर येतो म्हणून शून्यही नाही.

बरेच कोर्स युरोपीय संघाच्या २०२० च्या नियमावलीवर उभे आहेत. तिथे सहा उद्दिष्टं आहेत: हवामान बदल रोखणं, त्याच्याशी जुळवून घेणं, पाणी व समुद्र, वस्तूंचा पुनर्वापर, प्रदूषण आणि जैवविविधता. कामाने यांपैकी निदान एकाला भरीव हातभार लावायचा, उरलेल्या पाचांचं लक्षणीय नुकसान करायचं नाही, आणि कामगारांचे व माणसांचे किमान हक्क पाळायचे. हे सगळं ठरवायला प्रत्येक कामाचे तांत्रिक निकष दिलेले असतात. त्यांत निकष न बसणं आणि निकषच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासेमारीला युरोपच्या यादीत निकषच नाहीत. त्यामुळे ट्रॉलरचं कर्ज तिथे ‘नापास’ होत नाही, ते परीक्षेलाच बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या हरित ठेवींच्या (ज्यांचा पैसा पर्यावरणपूरक कामांनाच द्यायचा अशा ठेवींच्या) यादीत मात्र पर्यावरणपूरक मत्स्यव्यवसायाला जागा आहे.

याद्याही एकमेकींशी जुळत नाहीत. रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची चौकट १ जून २०२३ पासून लागू झाली. तिने अणुऊर्जा आणि २५ मेगावॅटवरचे जलविद्युत प्रकल्प सरळ वगळलेत. युरोपने हे दोन्ही अटींसह आत घेतलेत. म्हणजे जैतापूरच्या नियोजित अणुऊर्जा प्रकल्पासारखं काम एका यादीत अटींवर चालेल आणि दुसऱ्या यादीत दारातच अडेल. तेव्हा ‘हे ग्रीन आहे का?’ असं कुणी विचारलं की आधी ‘कुठल्या यादीप्रमाणे?’ हे विचारायची सवय लावून घ्या.

आपल्याकडे एक खास गफलत होते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रावर उद्योगाचा वर्ग असतो: लाल, नारिंगी, हिरवा वगैरे. तिथला ‘हिरवा’ म्हणजे प्रदूषणाची शक्यता कमी, एवढंच. हवामान बदल रोखायला त्या उद्योगाचा काही हातभार लागतो, असं त्यातून सिद्ध होत नाही. तरी ते पत्र जोडून ‘ग्रीन लोन’ मागणारे प्रस्ताव माझ्याकडे आजही येतात.

आता ज्या प्रस्तावामुळे माझं या विषयाकडे बघणं बदललं, तो सांगते.

प्रशिक्षण संपून काही महिने झाले होते. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, सौर प्रकल्पाची फाईल आली. युरोपीय निकषांत सौरवीज सगळ्यात सोपी. वीज सूर्यापासून बनते, एवढ्यावरच भरीव हातभार मान्य होतो, कार्बनचं गणित मांडावं लागत नाही. जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य. पीक नाही, घर नाही, वन नाही. मी कार्यालयात बसूनच होकारार्थी टिपण लिहिलं. साइटवर गेले ती केवळ रीत म्हणून, जुलैच्या अखेरीस.

तुम्ही रत्नागिरीचे, पावसातला सडा तुम्हाला वेगळा सांगायला नको. मे महिन्यात तव्यासारखा तापलेला काळा कातळ जुलैत फुलांनी भरलेला होता. खळग्यांत पाणी, पाण्यात बेडकांची पिल्लं. गुरं घेऊन आलेल्या एका आजोबांना मी विचारलं, ही पडीक जागा कुणाची? ते म्हणाले, “पडीक कसली, बाय? चार महिने आमची गुरं इथंच चरतात. आणि हे पाणी मुरतं म्हणून खाली वाडीच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं.” थोडं पुढे कातळात कोरलेल्या रेषा होत्या. बारसू, उक्षी, कशेळीच्या कातळशिल्पांची नावं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, पण तशा रेषा कितीतरी सड्यांवर आहेत आणि त्यांतल्या अनेकांची नोंदच नाही.

मी टिपण मागे घेतलं. सौर प्रकल्पाला युरोपीय निकषांत ‘नुकसान नको’च्या पाचांपैकी तीनच परीक्षा द्याव्या लागतात: हवामानाच्या धोक्यांना तोंड देण्याची तयारी, टिकाऊ व पुन्हा वापरता येण्याजोगी सामग्री, आणि जैवविविधता. जैवविविधतेसाठी ते पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीचा कागद मागतात. आपल्याकडे सौर प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही. म्हणजे निकष ज्या कागदावर विसंबतो तो कागद इथे तयारच होत नाही, आणि रकाना ‘लागू नाही’ लिहून सहज भरता येतो. मी तसाच भरला होता. शेवटी वनस्पती ओळखणाऱ्या प्राध्यापकांकडून पावसाळ्यातली पाहणी करून घ्या, चराई आणि विहिरींबद्दल वाडीत बैठक घ्या, असं सुचवलं. प्रकल्पाची जागा थोडी सरकली, काही पॅनेल कमी झाली, आणि मग मी सही केली.

कुठल्याही कोर्समध्ये सडा शिकवत नाहीत. कोर्स तुम्हाला प्रश्न देतो, त्याचं उत्तर कुठल्या ऋतूत आणि कुणाला विचारायचं हे तुम्हालाच ठाऊक असतं. म्हणून तर वाटतं की हे काम मुंबईत बसून करणाऱ्यांपेक्षा तुमच्यासारख्यांनी शिकावं.

हवामानाच्या धोक्याबद्दलही तेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडची छपरं कशी नेली ते आपण पाहिलंय. छपरावरच्या सोलरची फाईल आली की वाऱ्याचा किती वेग धरून सांगाडा बसवलाय, ते विचारा. चिपळूणच्या प्रस्तावात २२ जुलै २०२१ ला त्या जागी पाणी किती चढलं होतं ते लिहून घ्या, शेजारच्या भिंतीवर खूण सापडते.

तुमच्या बँकेपुरतं बोलायचं तर हरित ठेवींची चौकट सहकारी बँकांना लागू नाही. ती व्यापारी बँका, स्मॉल फायनान्स बँका आणि ठेवी घेणाऱ्या वित्तसंस्थांसाठी आहे. म्हणून उद्याच बढती मिळेल अशा आशेने कोर्स करू नका. पण केंद्रीय अर्थ मंत्रालयाने मे २०२५ मध्ये भारताच्या स्वतःच्या वर्गवारीचा मसुदा सूचनांसाठी खुला केला आणि त्यात शेती, अन्न व पाण्याची सुरक्षा हे क्षेत्र घेतलं. आंबा-काजूची कर्जं तिथे येऊन पोचतात.

कोर्स निवडताना एकच गोष्ट तपासा: त्यात खऱ्या प्रस्तावांवर सराव आहे का? नुसती बहुपर्यायी परीक्षा असेल तर थांबा. गार्प या जोखीम-व्यवस्थापकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची एससीआर (शाश्वतता आणि हवामान जोखीम) परीक्षा जोखमीच्या अंगाने चांगली आहे, पण तिचा आवाका मोठा आहे आणि वर्गवारी हा त्यातला एक भाग. युरोपची नियमावली, रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आणि आपला मसुदा, तिन्ही फुकट वाचायला मिळतात. आधी ती वाचा, मग तुमच्या टेबलावरच्या तीन मंजूर फायली, एक काजूची, एक होडीची, एक होमस्टेची, तिन्ही याद्यांना लावून बघा. जिथे अडाल तिथलं इथे खाली लिहा, कर्जदाराचं नाव न घालता. मी बघून सांगेन.