आप्पा, लेकीला आधी आलेख काढू द्या

आप्पा, सप्रेम नमस्कार.

रावेरहून धाडलेलं पत्र मिळालं. लेक जळगावला बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही म्हणता बी.एड. कर, ती म्हणते सुपरनोव्हांवरून ऊर्जा-अटी तपासायच्यात. हे काय खूळ, असं तुम्ही विचारलंय.

रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी द्यायला जाता, तेव्हा लांबच्या विहिरीवरचा बल्ब दिसतो. तो किती वॅटचा हे ठाऊक असेल, तर मंदपणावरून अंतर कळतं. टाइप वन-ए सुपरनोव्हा, म्हणजे एका प्रकारचा फुटणारा तारा, असाच साधारण ठरलेल्या तेजाचा दिवा आहे.

आता ऊर्जा-अटी, म्हणजे पदार्थाची ऊर्जा आणि दाब कसे असावेत याचे काही नियम. पदार्थाची ऊर्जा-घनता आणि दाबाची तिप्पट, यांची बेरीज ऋण नको, ही त्यातली प्रबळ ऊर्जा-अट. भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरींच्या १९५५ च्या समीकरणानुसार ती पाळली गेली, तर विश्वाचं प्रसरण मंदावायला हवं. १९९८ मध्ये दोन गटांनी दूरचे सुपरनोव्हा मोजले. ते अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजे जास्त लांब निघाले. म्हणजे प्रसरणाचा वेग वाढतोय! २०११ चं नोबेल याच शोधाला मिळालं. प्रबळ अट मोडली, पण बाकीच्या अटींपैकी कोणती टिकते, यावर अजून काम चालू आहे. पोरीचा प्रश्न अगदी खरा आहे.

‘आपल्या भागात असलं कोण करतं?’ हे तुमचं वाक्य मात्र मला लागलं. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढला होता. त्याचा शिलालेख आहे, एकदा तिला घेऊन बघून या.

पैशाचं सांगतो. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., मग नेट किंवा जेस्ट ही परीक्षा देऊन पीएच.डी. नेटमधून जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. कायमच्या जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. पण आकडे हाताळायची ही विद्या बाहेरच्या नोकरीतही चालते, आणि बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं.

तिला सांगा, पँथिऑन प्लसची यादी फुकट मिळते, दीड हजारावर सुपरनोव्हांची. त्यातले दोनच रकाने घे, ताम्रसृती (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला) आणि आपल्याला दिसणारं तेज. पायथन या संगणक-भाषेत आलेख काढ, त्यावर मंदावणाऱ्या आणि वेग वाढणाऱ्या विश्वाच्या दोन रेषा बसव. प्रोग्राम दहादा अडेल. अकराव्यांदा ती आपणहून बसली, तर जॅमचा फॉर्म बिनधास्त भरू द्या.

आलेख मला पाठवा. रेषा कुठे चुकली असेल तर मी बघतो.