बेस तपासायचाय? त्रितालाची खाली ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'एक्स्ट्रा बेस' म्हणून दीड हजारांचा वायरवाला इअरफोन घेतला, पण बेस, म्हणजे खालच्या सुरांची घुमार, जाणवत नाही. म्हणून आवाज वाढवता, आणि डोंबिवलीहून सीएसएमटीला उतरेपर्यंत कान ठणकायला लागतात. आता पाच हजारांचा घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. आधी टिप्स, म्हणजे इअरफोनच्या टोकावरची रबरी टोपणं, बदलून बघा. बेस नसणं आणि कान दुखणं ही दोन दुखणी वेगळी वाटतात, पण बऱ्याचदा दोन्हींचं मूळ त्या रबराच्या चुकीच्या मापात असतं.

कानात घालायच्या इअरफोनमधला पडदा अगदी छोटा, बहुतेकदा १० मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा पडद्यातून घुमणारा बेस येतो, कारण तो कानाच्या नळीत कोंडलेली चिमूटभर हवा दाबतो. सायकलचा पंप आठवा. वायसर झिजलेला असला की दांडा हळू दाबल्यावर हवा कडेने निघून जाते, झटक्यात दाबला तर थोडी तरी ट्यूबमध्ये जाते. खालचे सूर म्हणजे हळू दाबलेला दांडा. टिप आणि कान यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी बेस तिथून निसटतो. वरचे सूर मात्र तसेच राहतात, म्हणून आवाज किरकिरा लागतो. मग तुम्ही आवाज वाढवता, त्याने बेस नावापुरता वाढतो आणि कानावर खरा मारा होतो तो वरच्या सुरांचा.

फट आहे का हे तपासायला मी तबला ऐकतो. कोणत्याही चांगल्या ध्वनिमुद्रणातला मध्य लयीतला त्रितालाचा (सोळा मात्रांच्या तालाचा) ठेका लावा. 'धा' म्हणजे उजव्या हाताच्या 'ता'मध्ये डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या तबल्याची, घुमार मिसळलेली. दहाव्या मात्रेपासून 'तिं तिं ता ता' येतं, तिथे डग्गा गप्प असतो, आणि चौदाव्या मात्रेच्या 'धिं'ला तो परत येतो. इअरफोन नीट बसलेला असेल तर हे परत येणं कानात स्पष्ट भरतं. फट असेल तर 'धा' आणि 'ता' सारखेच वाटतात, भरी (डग्ग्यासकटचा भाग) कुठली आणि खाली (डग्गा गप्प असलेला भाग) कुठली कळत नाही. उलट नुसता बेस कोंबलेला इअरफोन असेल तर घुमार पुढच्या मात्रांवर लोळत राहते आणि खालीतसुद्धा डग्गा वाजतोय असं वाटतं. एका आवर्तनात दोन्ही दोष सापडतात.

मी बारा वर्षं भजनाला पखवाज वाजवतोय. डाव्या तोंडाला कणीक थापताना चिमूट चिमूट कमीजास्त करावी लागते. थाप मारायची, ऐकायचं, थोडी काढायची, परत थाप. कमी पडली तर आवाज पत्र्यासारखा, जास्त झाली तर मेलेला. इअरफोनच्या बेसचं मला अगदी तसंच वाटतं.

टिप्सबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळं तिथेच अडतं. डब्यात सहसा तीन मापं येतात आणि मधलं आधीच चढवलेलं असतं. बहुतेक जण तेच वापरत राहतात. दोन्ही कानांचं माप सारखं असेलच असं नाही. माझ्या डाव्या कानाला मधलं बसतं, उजव्याला मोठं, आणि हे कळायला मला दोन वर्षं लागली. घालताना डोक्यावरून दुसरा हात नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. मग इअरफोन किंचित फिरवत आत बसवा. आता गाणं चालू ठेवून बोटाने हलकेच दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर टिप लहान पडतेय. दोन्ही कान स्वतंत्रपणे तपासा.

दुखत असेल तर दोनपैकी एक घडतंय. मोठी टिप आतून सगळीकडे रेटत असते, किंवा लहान टिप असल्यामुळे तुम्ही इअरफोन खोल खुपसता आणि त्याचं कडक नळकांडं (ज्यावर टिप चढवतात ते) कातडीला लागतं. माझ्या एका जुन्या इअरफोनचं नळकांडं जाड होतं. उजव्या कानात आग होत होती तरी हट्टाने वापरत राहिलो. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी आत खरचटलंय म्हणून सांगितलं आणि पंधरा दिवस काही घालू दिलं नाही. तेव्हापासून दुकानात आधी नळकांड्याची जाडी बघतो, आवाज नंतर.

तुमच्यासारख्या रोजच्या प्रवासाला मी फोमच्या टिप्स सुचवेन. चिमटीत दाबून बारीक करायच्या, कानात घालायच्या आणि फुलेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायच्या. सिलिकॉनपेक्षा दाब मऊ लागतो आणि फट राहत नाही. वरचे सूर थोडे शोषले जातात, पण तुमच्या किरकिऱ्या इअरफोनला ते चांगलंच. काही महिन्यांत त्यांचा लवचिकपणा जातो, तेव्हा बदला. काढताना हिसका देऊ नका, हळू फिरवत काढा. वायर कानावरून मागे घेता येत असेल तर तशी घ्या, शर्टाला घासल्याची खरखर कमी होते.

आता तुम्हाला नेमका कुठला बेस हवाय? काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) या पट्टीत गाणाऱ्या पुरुषी आवाजाचा षड्ज, म्हणजे 'सा', सुमारे १३९ हर्ट्‌झचा (सेकंदाला १३९ कंपनं), आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ च्या आसपास. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ ला येते. हल्लीच्या गाण्यांतला यंत्रावरचा बेस त्याच्याही खाली जातो. तुम्ही भावगीतं आणि हल्लीची सिनेमाची गाणी दोन्ही ऐकता असं लिहिलंय. म्हणजे तळाचा बेस उचललेला पण २०० च्या आसपास न फुगलेला इअरफोन तुम्हाला मानवेल. तिथे फुगवटा असला की गायक रांजणात तोंड घालून गातोय असं वाटतं. स्वस्त 'एक्स्ट्रा बेस'मध्ये मला हे फार वेळा ऐकू आलंय.

लोकलमध्ये बेस कमी वाटण्याचं आणखी एक कारण आहे. रुळांची घरघर खालच्या सुरांतलीच असते आणि ती डग्ग्याला गिळते. म्हणून घरी रात्री शांतपणे ऐकून बघा आणि मगच मत बनवा. गाडीत सगळा आवाज वाढवण्याऐवजी इक्वलायझरमध्ये (फोनमधल्या खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करायच्या सोयीत) १०० हर्ट्‌झच्या खालची पट्टी चार डेसिबल वर घ्या आणि त्यातलाच प्रीअँप (एकूण आवाजाची पट्टी) तेवढाच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटतो.

आवाजाचं मनावर घ्याच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ८६ ला गेलात तर आठवड्याचे १० तास. तुमचा रोजचा येण्याजाण्याचा प्रवासच तेवढा भरतो. टिप नीट बसली की बाहेरचा गोंगाट कमी आत येतो आणि कमी आवाजात भागतं. रूळ किंवा रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कानांतून काढाच.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर 'ट्रुथइअर झीरो रेड' हा इअरफोन ऐकून बघा. त्यात दोन डायनॅमिक ड्रायव्हर (आवाज काढणारे पडदे) आहेत, आणि सोबत १० ओहम रोधाचा, वायरच्या पिनेला लावायचा एक छोटा अडॅप्टर येतो. तो लावला की बेस वाढतो, काढला की कमी होतो. दोन्ही प्रकारची गाणी ऐकणाऱ्याला ही सोय फार कामाची. फक्त त्याचं नळकांडं रुंद आहे, तेव्हा आधी कानात घालून अर्धा तास तरी बसा.

पण हे नंतर. आधी फोमच्या टिप्स आणा, घरी त्रिताल लावा, आणि कुठल्या कानाला कुठलं माप बसलं ते इथे लिहा. चौदावी मात्रा कानात भरली की नाही, तेही सांगा.