भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईचं भलं झालं की वाटोळं?

गिरगाव-लालबागला आजही दीडदोनशे रुपये भाड्यात माणसं राहतात. हा कायद्याचा उपकार म्हणायचा की इमारती कोसळण्याचं मूळ, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही बाजूंचे लोक भांडतात ते बहुधा चुकीच्या कलमावर. भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढता येऊ नये, हे ठीकच होतं. 1982 च्या संपानंतर गिरणी कामगाराचा पगार गेला तरी खोली राहिली, ती या संरक्षणामुळे. घोळ झाला तो भाडं गोठवण्यात.

1947 च्या कायद्याने 1 सप्टेंबर 1940 चं भाडं 'प्रमाण भाडं', म्हणजे मालकाला घेता येणारं कमाल भाडं, धरलं. तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा मुदतवाढी घेत अर्धशतक चालला. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक मनमानी असल्याचं सांगितलं आणि 31 मार्च 2000 पासून 1999 चा नवा कायदा लागू झाला. त्यात वाढ किती? वर्षाला 4 टक्के. तेव्हाचे 100 रुपये चक्रवाढीने धरले तरी 25 वर्षांनी 267 होतात.

आता दुरुस्ती. नव्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ती मालकाने करायची. नाही केली तर 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. 200 रुपये भाडं असेल तर वर्षाला 600 रुपये! जुन्या चाळीत सागवानी तुळई बहुधा मधे सडत नाही, भिंतीत बसलेल्या टोकाशी सडते, कारण वरच्या मजल्यावरच्या मोरीचं पाणी तिथेच मुरतं. बाहेरून तेलरंग चकचकीत, आत टोक भुसभुशीत. 600 रुपयांत टेकू लावायची मजुरीही सुटत नाही.

मग मालक कमावतो कशावर? पागडीवर, म्हणजे खोलीचा भाडेहक्क घेताना द्यायच्या एकरकमी पैशांवर. खोली हातबदल होताना पागडीतला त्याचा हिस्सा घासाघीस करून ठरतो, साधारण एक तृतीयांशाच्या आसपास. आधी हे चोरून चालायचं, 1999 च्या कायद्याच्या कलम 56 ने त्याला मान्यता दिली. म्हणजे खोल्या विकल्या जाण्यात मालकाचा फायदा, त्या नीट ठेवण्यात काहीच नाही. दुरुस्तीचा भार 1969 पासून उपकर (जुन्या इमारतींवरचा दुरुस्तीसाठीचा जादा कर) आणि सरकारी दुरुस्ती मंडळाकडे सरकला, आणि आता सगळ्यांचे डोळे पुनर्विकासाच्या वाढीव एफएसआयकडे, म्हणजे त्याच जागेवर मिळणाऱ्या जादा बांधकामाकडे.

संरक्षण सरसकट असावंच लागतं, असंही नाही. बँका, सरकारी महामंडळं आणि 1 कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या 2000 मध्ये त्यातून वगळल्या गेल्या. त्याने कुणा गरिबाचं घर गेलं नाही. तीच कात्री बंद ठेवलेल्या खोल्यांना आणि मोठ्या दुकानांनाही लावता येईल, फक्त वाढलेल्या भाड्यातला ठरावीक वाटा दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात गेला पाहिजे. नाहीतर तोही मालकाच्या खिशात.

तुमचं स्वतःचं घर पागडीचं असेल तर एक सांभाळा: भाडेकरू वारल्यावर हक्क मिळतो तो त्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाला; असा कोणी नसेल तरच इतर वारसाला. मुलगा विरारला, रेशनकार्ड विरारचं आणि दावा गिरगावच्या खोलीवर, अशी प्रकरणं लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षं रखडतात.