फ्रिज-एसीतला गॅस दर काही वर्षांनी का बदलतात? हा कंपन्यांचा डाव आहे का?

तुमच्या जुन्या एसीत आर-२२ आहे आणि 'हा गॅस बंद होतोय, नवा एसी घ्या' असं मेकॅनिक म्हणाला, म्हणून तुम्हाला शंका आली. गॅस बंद होतोय हे खरं आहे. त्यासाठी चालू एसी भंगारात काढायलाच हवा, हे मात्र खरं नाही.

१९२०च्या दशकात अमेरिका-युरोपातल्या घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले विषारी गॅस असायचे. गळती झाली की घरातली माणसं दगावायची. अशाच एका बातमीवरून आइन्स्टाइन आणि सिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी गळती टाळण्यासाठी फ्रिजचा हलता भाग नसलेला पंप शोधून त्याची पेटंटं घेतली होती. पण बाजी मारली थॉमस मिज्ली या अमेरिकन संशोधकाच्या आर-१२ या नव्या गॅसने. १९३० साली भर सभेत त्याने हा गॅस छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटतही नाही. (पेट्रोलमध्ये शिसं घालणारे गृहस्थही हेच!)

नडला तो त्याचा टिकाऊपणा. हवेत तो मोडत नाही, वर ओझोनच्या थरापर्यंत पोचतो, तिथे अतिनील किरणांनी फुटतो आणि सुटा झालेला क्लोरीन ओझोन खातो. हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच मांडलं होतं. उद्योगाने विरोध केला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जाहीर झालं आणि १९८७ मध्ये ओझोन खाणारे गॅस टप्प्याटप्प्याने आवरण्यासाठी देशोदेशींचा माँट्रियल करार झाला. आर-१२चं उत्पादन थांबवू, असं तो बनवणाऱ्या ड्यूपाँ कंपनीने १९८८ मध्ये जाहीर केलं, आणि पुढे पर्यायी गॅसही विकले. म्हणजे धंदा आहेच, पण बंदी धंद्यासाठी आलेली नाही.

आर-२२मध्येही क्लोरीन आहे, फक्त तो ओझोनला कमी छळतो, म्हणून त्याला मुदत जास्त मिळाली. आपल्यासारख्या देशांत २०३०पर्यंत तो जवळपास संपेल. दुरुस्तीपुरता थोडा साठा त्यानंतरही राहील. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०एमध्ये क्लोरीन नाही, पण एक किलो गळला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. त्यामुळे असे तापमान वाढवणारे गॅस कमी करण्यासाठी २०१६चा किगाली करार आला आणि त्याहून कमी तापमान वाढवणारा आर-३२ एसींत आला. भारताला २०२८पासून आर-४१०एसारख्या गॅसचा वापर वाढू न देता आहे तिथेच गोठवायचा आहे आणि २०४७पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. आता घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन आणि काही एसींत चक्क प्रोपेन असतो. दोन्ही ज्वालाग्राही!

आता तुमचा एसी. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी लिकेज आहे. आधी नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करून लिकेज शोधायला सांगा. मग ब्रेझिंग (गळकी जागा धातू वितळवून सांधणं), व्हॅक्युम (नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणं) आणि वजन करून आर-२२च भरणं. आर-४१०एचं प्रेशर दीडपटीहून जास्त असतं आणि त्याचं तेलही वेगळं, त्यामुळे तो या मशीनला चालत नाही. आणि स्वस्तात पडतो म्हणून कुणी प्रोपेन भरायला निघालं तर सरळ नको म्हणा. तुमच्या मशीनचं वायरिंग आणि स्विच त्या गॅससाठी बनवलेले नाहीत. कॉइलच जागोजागी सडली असेल, तरच नव्या एसीचा विचार करा.